गिएनगोला: जंगलाखालचं शहर लेझरने ‘सापडलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

२०२५ च्या जानेवारीत जगभरच्या वृत्तपत्रांत एक बातमी फिरली. दक्षिण मेक्सिकोतल्या एका डोंगरावर झाडीखाली दडलेलं पंधराव्या शतकातलं झापोटेक शहर, विमानातल्या लेझरने अवघ्या दोन तासांत शोधून काढलं. विस्तार ३६० हेक्टर, अकराशेहून जास्त बांधकामं, चार किलोमीटर तटबंदी.

आकडे बरोबर आहेत. ‘शोधून काढलं’ हे मात्र बातमीदारांनी पदरचं घातलेलं. गिएनगोला कधी हरवलेलं नव्हतंच. तिथे जायला पायवाट आहे, आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ती ठाऊक आहे, आणि एदुआर्द झेलर या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जागेवर लिहूनही ठेवलं आहे. नवा आहे तो नकाशा. त्या नकाशामुळे एक जुनी समजूत मात्र मोडीत निघाली: ज्याला सगळे किल्ला म्हणत आले, ते तटाच्या आत वसलेलं भरलंपुरलं शहर होतं.

हा नकाशा कसा तयार झाला, त्यावर कितपत विसंबायचं आणि त्यातून इतिहासात काय बदलतं, ते क्रमाने पाहू.

झापोटेक कोण, आणि ही जागा कुठे?

मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे. झापोटेक हे तिथले मूळ रहिवासी, आणि ते आजही तिथेच आहेत. २०२० च्या जनगणनेत झापोटेक भाषा बोलणारे सुमारे ४ लाख ९० हजार लोक नोंदले गेले. त्यामुळे ‘लुप्त संस्कृती’ वगैरे शब्द इथे वापरू नयेत.

डोंगरमाथ्यावरचं झापोटेक शहर म्हटलं की बहुतेकांना मोंते अल्बान आठवतं. ते वेगळं, आणि फार जुनं. इ. स. पू. ५०० च्या सुमारास वाहाकाच्या खोऱ्यापासून ४०० मीटर उंचीवर ते वसलं आणि इसवी सनाच्या नवव्या शतकात ओस पडू लागलं. गिएनगोला त्यानंतर कित्येक शतकांनी उभं राहिलं, तेही वाहाका खोऱ्यापासून दूर, तेवांतेपेकच्या संयोगभूमीवर. संयोगभूमी म्हणजे दोन समुद्रांमधली जमिनीची अरुंद पट्टी. मेक्सिको इथे सर्वांत निमुळता होतो: एका बाजूला मेक्सिकोचं आखात, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक, मध्ये साधारण २०० किलोमीटर. दक्षिणेकडच्या सोकोनुस्कोहून येणारा कोको आणि रंगीत पिसं उत्तरेला जायची ती याच वाटेने. शिवाय किनाऱ्यावरच्या खाजणांतलं मीठ होतंच. या नाक्यावर ज्याचा ताबा, त्याच्या हातात व्यापार.

पंधराव्या शतकात वाहाका खोऱ्यातले झापोटेक राजे आपली माणसं घेऊन या बाजूला सरकले. तेवांतेपेक गावाजवळचा चुनखडीचा डोंगर त्यांनी निवडला. गिएनगोला वसलं ते असं.

पाचशे वर्षं उभ्या असलेल्या भिंती कुणालाच कशा दिसल्या नाहीत?

काही भिंती दिसत होत्याच. मधल्या सपाटीवरचे दोन मोठे चौथरे, चेंडूच्या खेळाचं मैदान आणि तटबंदीचे काही तुकडे सर्वांना माहीत होते. विसाव्या शतकात तिथे मोजमापंही झाली. पण पाहुणा असो की संशोधक, तो पायवाटेने चढायचा, मधला चौक पाहायचा आणि उतरायचा. मोठा चौक, देवळं, भोवती जाड तट एवढंच पदरात पडलं की कुणीही ‘किल्ला’ म्हणणार.

बाकीचा डोंगर चालून पाहणं किती अवघड, याचा हिशेब करून बघा. दाट काटेरी झुडपांत माणसाला डावीकडे दहा आणि उजवीकडे दहा मीटरपर्यंत नीट दिसतं असं धरू. म्हणजे वीस-वीस मीटरवर समांतर पट्टे आखून चालावं लागेल. ३६० हेक्टर म्हणजे ३६ लाख चौरस मीटर. भागिले वीस, १८० किलोमीटर चाल झाली. सपाट रस्त्यावर हे आठवड्याचं काम. इथे उतार, कोयत्याने वाट काढणं, दर जोत्यापाशी थांबून टेप लावणं, कागदावर उतरवणं. मोंते अल्बानचा डोंगर रिचर्ड ब्लँटन यांच्या चमूने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असाच पायी मोजला. दोन हजारांहून जास्त सपाट्या म्हणजे टप्पे त्यांनी नोंदले आणि त्यात हंगामामागून हंगाम गेले. तिथे निदान झाडी विरळ होती.

गिएनगोलाचं नवं काम केलं ते कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठातल्या पेद्रो गिएर्मो रामोन सेलिस यांनी. त्यांच्या आईचं माहेर याच भागातलं, आणि या जागेचं नाव ते लहानपणापासून घरात ऐकत आले. विमानाचं उड्डाण दोन तासांचं होतं हे खरं, पण त्याच्या मागेपुढे जमिनीवरच्या पाहणीची वर्षं आहेत. बातमीत ती गळली.

लायडार म्हणजे काय?

लायडार हे लेझरने अंतर मोजण्याचं यंत्र. प्रकाशाचा अतिशय छोटा झोत सोडायचा, तो कशावर तरी आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा, आणि त्यावरून अंतर काढायचं. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. विमान ९०० मीटर उंचीवर असेल तर झोत खाली जाऊन परत यायला सहा मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे सहा दशलक्षांश लागतात. यंत्र हे काम सेकंदाला लाखो वेळा करतं. वापरलेला प्रकाश अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा असतो.

मग झाडांचं काय? लेझर पानांच्या आरपार जातो, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते चूक आहे. दुपारी आंब्याखाली उभं राहिलात तर जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसतात. ऊन पानांतून आलेलं नसतं, पानांमधल्या फटींतून आलेलं असतं. लेझरही त्याच फटींतून खाली पोचतो. विमानातून निघालेला झोत जमिनीपर्यंत येता येता वीतभर रुंद झालेला असतो. त्यातला काही भाग शेंड्याच्या पानावर आपटतो, काही मधल्या फांदीवर, उरलेला जमिनीवर. यंत्र प्रत्येक परतीची वेगळी नोंद करतं. पहिली परत बहुधा झाडाचा शेंडा असते, आणि शेवटची परत, नशीब बरं असेल तर, जमीन.

नशीब किती बरं असावं लागतं? समजा चौरस मीटरला १५ झोत सोडले आणि त्यातले १५ टक्के जमिनीवर पोचले. म्हणजे चौरस मीटरमागे जमिनीचे दोनच बिंदू हाती लागले. घराचं जोतं ओळखायला एवढं पुरतं. झाडी आणखी दाट असेल आणि पाच टक्केच पोचले, तर चौरस मीटरला एक बिंदूसुद्धा पडत नाही. तेव्हा मोठा चौथरा दिसेल, पण हातभर रुंदीची भिंत हुकेल.

म्हणूनच हंगाम पाहून उडतात. तेवांतेपेकच्या बाजूचं जंगल पानगळीचं आहे. पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर, नंतर झाडं उघडी पडत जातात. कोरड्या दिवसांतलं उड्डाण आणि भर पावसाळ्यातलं उड्डाण यांच्या नकाशांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बारमाही हिरव्या रानात ही सवलत मिळत नाही.

आणखी एक भाग फार कमी लेखांत येतो, आणि काम बिघडतं ते बरेचदा तिथेच. लेझर अंतर सांगतो, पण ते कुठून मोजलं? विमान हवेत डुलत असतं. प्रत्येक झोताच्या क्षणी विमान नेमकं कुठे होतं हे उपग्रहांवरून, आणि किती कललेलं होतं हे आतल्या जायरोस्कोपवरून कळतं. कलण्याच्या मापात अंशाच्या शंभराव्या भागाची चूक झाली तरी ९०० मीटर खाली बिंदू सोळा सेंटिमीटर सरकतो. शेजारशेजारचे उड्डाणपट्टे एकमेकांवर चढवून घेतात ते यासाठीच. दोन पट्ट्यांतली एकच भिंत दोन जागी दिसली की समजायचं, दुरुस्ती राहिली आहे.

झाडं पुसायची कशी?

विमान उतरतं तेव्हा हातात कोट्यवधी बिंदूंचा ढीग असतो. त्यात पान, फांदी, दगड, जमीन सगळं एकत्र. आता संगणकाला ठरवायचं असतं की यातले जमिनीचे बिंदू कोणते. तो एक साधं गृहीत धरतो: जमीन हळूहळू चढते-उतरते, एकदम उडी मारत नाही. जो बिंदू शेजाऱ्यांपेक्षा अचानक उंच, तो झाडाचा. असे बिंदू गाळले की उरते उघडी जमीन.

अडचण सरळ आहे. उभी भिंतही अचानकच उंच असते. गाळणी कडक ठेवली तर झाडांबरोबर भिंतही पुसली जाते. सैल ठेवली तर खुरटी झुडपं जमिनीवरचे उंचवटे बनून नकाशात उतरतात आणि नसलेली घरं दिसू लागतात. डोंगरउतारावर ही डोकेदुखी दुप्पट, कारण तिथे खुद्द जमीनच कडेला उडी मारते. एकच गाळणी सगळीकडे लावून मोकळं होता येत नाही. सपाटीला एक, उताराला दुसरी असं करत, परत परत तपासत जावं लागतं.

उघडी जमीन मिळाल्यावर तिच्यावर संगणकातच सूर्य टाकतात, म्हणजे सावल्यांवरून उठाव दिसतो. प्रथेप्रमाणे हा सूर्य वायव्येला ४५ अंशांवर ठेवला जातो. पण मग वायव्य-आग्नेय दिशेने गेलेल्या भिंतीची सावलीच पडत नाही आणि ती चित्रातून गायब होते. उपाय असा की आठ किंवा सोळा दिशांनी प्रकाश टाकून चित्रं एकत्र करायची. वृत्तपत्रात छापलेलं करडं, उठावदार चित्र म्हणजे फोटो नसतो, अशा दहा-बारा निर्णयांचा तो निकाल असतो.

शेवटचं काम माणसाचं. चित्रावर बोट ठेवून ठरवायचं: हा चौथरा, हा रस्ता, हा नुसता दरडीतून घसरलेला दगडांचा ढीग. काही आकार ओळखायला सोपे आहेत. चेंडूचं मैदान पाहा: दोन लांबट समांतर उंचवटे, मध्ये सपाट गल्ली, आणि दोन्ही टोकांना आडवी मोकळी जागा. रबराचा जड चेंडू कमरेने टोलवायचा हा खेळ आणि त्याचं मैदान त्या साऱ्या प्रदेशात होतं. निसर्ग असा आकार सहसा घडवत नाही. याउलट चार दगडांची चौकोनी ओळ घराची की गुरांच्या जुन्या आवाराची, हे विमानातून कळत नाही. जाऊन पाहावं लागतं.

गिएनगोलाचं सुदैव इथे आहे. पाच-सहाशे वर्षांचंच वय असल्याने झाडीत आजही घरांच्या भिंती उभ्या आहेत. दार कुठे, आतून बोळ कसा जातो, शेजाऱ्याची हद्द कुठे संपते, हे तिथे चालताना डोळ्यांना दिसतं. म्हणून नकाशावरच्या खुणा जमिनीवर पडताळून पाहणं शक्य झालं.

किल्ला नाही, शहर: हे कशावरून?

तटबंदी तर आहे ना, मग किल्ला का म्हणायचं नाही, ही शंका रास्त आहे. उत्तर आतल्या मांडणीत आहे. शिबंदीपुरता किल्ला असता तर सैनिकांच्या राहण्याच्या एकसारख्या जागा, कोठारं, पहाऱ्याच्या चौक्या आणि फार तर किल्लेदाराचा वाडा एवढंच मिळालं असतं. नकाशात दिसतात ती वेगवेगळ्या आकारांची घरं, त्यांना जोडणारे अंतर्गत रस्ते, वस्त्यांमधली देवळं आणि खेळाची मैदानं. बड्यांच्या वाड्यांचा भाग वेगळा, सामान्यांच्या घरांचा वेगळा. कुणाच्या वाट्याला किती बांधीव जागा आली होती, याची मापं रामोन सेलिस यांनी नकाशावरून काढली. ही बायकामुलांसकट, पिढ्या काढायच्या तयारीने वसलेल्या लोकांची जागा आहे. गडावरचं शहर म्हणा, वाटल्यास. आपल्याकडे रायगडावर बाजारपेठ आहे म्हणून त्याचं गडपण जात नाही, तसंच गिएनगोलाच्या घरांमुळे त्याचा तट निरर्थक ठरत नाही. ‘किल्लाच’ हा हट्ट तेवढा सोडावा लागतो.

तटाची बांधणी काही ठिकाणी साधारण तीन मीटर उंच आणि दोन मीटर जाड आहे. मराठी वाचकाला हे किरकोळ वाटेल. आपले तट तोफेचा मारा झेलायला बांधलेले. पण मेक्सिकोत तेव्हा तोफ नव्हती, घोडा नव्हता, ओझ्याचं जनावरही नव्हतं. हल्लेखोर पायी, हातात धनुष्य, फेकभाला किंवा कडेला काचेरी दगडाची पाती बसवलेला दांडा. चढ चढून दमलेल्या माणसासमोर तीन मीटरची भिंत आणि वरून दगडांचा मारा. एवढं पुरे होतं.

अ‍ॅझ्टेकांचा वेढा: आख्यायिका की इतिहास?

गिएनगोलाचं नाव गाजलं ते एका वेढ्यामुळे. मध्य मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक साम्राज्याचा सम्राट आवित्सोत्ल (राज्यकाळ १४८६ ते १५०२) याला दक्षिणेकडच्या व्यापारी वाटेवर ताबा हवा होता. १४९७ च्या सुमारास त्याच्या फौजेने झापोटेक राजा कोसिहोएसाला या डोंगरावर कोंडलं. झापोटेकांच्या मदतीला वाहाकातलेच त्यांचे शेजारी, मिश्तेक लोक होते. सात महिने वेढा चालला, डोंगर पडला नाही. शेवटी तह झाला आणि आवित्सोत्लची मुलगी कोसिहोएसाला दिली. त्यांचा मुलगा कोसिहोपी पुढे तेवांतेपेकच्या गादीवर बसला, आणि स्पॅनिश आले तेव्हा राज्य त्याचंच होतं.

ही हकिकत बहुतांशी फ्रान्सिस्को दे बुर्गोआ या डोमिनिकन पाद्र्याकडून येते. त्याने ती छापली १६७४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी. स्थानिक आठवणी त्याच्या कानावर होत्या, हे त्याचं बळ. पण त्या झापोटेकांच्या बाजूने सांगितलेल्या, तिखटमीठ लावलेल्या. म्हणून ‘सात महिने’ हा आकडा दगडावरची रेघ समजू नये.

तरी वेढा मोडला यात नवल वाटायचं कारण नाही. रसदेचं गणित मांडलं की झालं. अ‍ॅझ्टेक फौजेचं सगळं ओझं माणसं वाहत. एका हमालाचं ओझं साधारण २३ किलो, दिवसाची मजल २५ किलोमीटरच्या आसपास. माणसाला दिवसाला किलोभर मका धरू. दहा हजारांच्या फौजेला रोज दहा टन मका लागणार. कोठार पाच दिवसांच्या वाटेवर असेल, तर जाता-येता दहा दिवसांत हमाल स्वतःच दहा किलो खातो. फौजेच्या हाती पडतात तेरा. म्हणजे रोज ७७० हमाल तळावर यायला हवेत, आणि कुठल्याही दिवशी ७,७०० माणसं वाटेवर. राजधानी तेनोच्तित्लान हवाई अंतरानेच ५०० किलोमीटरवर. तिथून निघालेला हमाल वीस दिवसांत पोचेल खरा, पण जाण्यायेण्यातच ४० किलो खाईल, ओझं तर २३ किलोचं. राजधानीतून रसद आणणं अशक्यच. फौज जगायची ती वाटेवरच्या मांडलिक गावांनी भरलेल्या मक्यावर, आणि त्या गावांच्या कोठारांना तळ असतो.

उलट बाजूला डोंगरावरच्यांची घरं, साठे, माणसं तटाच्या आत. इथे नव्या नकाशाचा खरा उपयोग होतो. वर निव्वळ शिबंदी असती तर सात महिने काढणं कठीण. अकराशे बांधकामांचं शहर असेल तर ते पटण्याजोगं आहे. पाण्याचा प्रश्न मात्र उरतो. तेवांतेपेक नदी पायथ्याला, माथ्यावर नाही. पावसाचे महिने सहा, त्यामुळे सात महिन्यांचा वेढा कुठल्याही तिथीला सुरू झाला तरी त्यात कोरडा महिना येणारच. पाणी कुठे आणि किती साठवलं जाई, हे खोलगट खड्ड्यांची छाननी झाल्याशिवाय सांगता येणार नाही. लायडारच्या चित्रात टाकं आणि चुनखडी खचून झालेला नैसर्गिक खळगा सारखेच दिसतात.

नकाशा मिळाला, मग खोदायची गरजच काय?

गरज आहे, कारण लायडार काळ सांगत नाही. त्याला उंचवटे-खळगे दिसतात, तेही फक्त पृष्ठभागावरचे. जमिनीखाली तो एक इंचही जात नाही. कुडाची, गवताने शाकारलेली घरं दगडी जोत्याशिवाय उभारली असतील तर त्यांचा मागमूस नकाशात नाही. सामान्यांची, गरिबांची घरं अशी असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे असे नकाशे श्रीमंतांकडे झुकलेले असतात.

लोकसंख्येच्या आकड्यांचं असंच आहे. अकराशे बांधकामं म्हणजे अकराशे घरं नव्हेत. त्यात देवळं, चौथरे, कोठ्या आल्या. प्रत्येक बांधकामाला एक पाचजणांचं कुटुंब धरलं तर साडेपाच हजार माणसं होतात. पण अंगणाभोवती तीन बांधकामं मिळून एक कुटुंब धरलं तर अठराशेच. शिवाय सगळी घरं एकाच वेळी नांदती होती का, हा प्रश्न वेगळा. लायडारच्या बातमीत लोकसंख्या छापली असेल, तर या दोन गृहीतांची चौकशी आधी करावी.

खोदून सगळं सुटेल असंही नाही. कोळशाच्या तुकड्याचं वय कार्बन पद्धतीने काढलं तर काही दशकांचा पल्ला मिळतो. गिएनगोलाचं नांदतं आयुष्यच थोडं. १४९० की १५१० हे त्या पद्धतीला ठरवता येणार नाही. वेढ्याचा पुरावा शोधायचा तर तटाबाहेर बाणांची टोकं आणि तळाच्या चुली शोधाव्या लागतील, आणि त्यांचा दगड कुठल्या खाणीचा हे पाहावं लागेल.

इतकं चांगलं शहर सोडलं का?

स्पॅनिश येण्याच्या थोडं आधीच लोक खाली तेवांतेपेकला उतरले. युद्धाचा धाक ओसरल्यावर पाणी, शेत आणि बाजार सोडून डोंगर चढत बसण्यात अर्थ नव्हता, हे माझ्या मते पुरेसं कारण आहे. त्यामुळे इथे जाळपोळ-कत्तलीची दंतकथा रचायची गरज पडत नाही. उलट फायदा असा झाला की या शहरावर चर्च चढलं नाही, त्याचे दगड नव्या गावाच्या घरांत गेले नाहीत. स्पॅनिश पूर्वीचं झापोटेक शहर कसं मांडलेलं असे, हे इथे बिनखाडाखोडीचं वाचता येतं. खुद्द तेवांतेपेकमध्ये ते शक्य नाही, कारण लोक तिथे अजून राहतात.

तातडी एका गोष्टीची आहे. हा भाग भूकंपाचा. ७ सप्टेंबर २०१७ च्या ८.२ तीव्रतेच्या धक्क्याने संयोगभूमीवरची हुचितानसारखी गावं उद्ध्वस्त झाली. डोंगरावरची एखादी भिंत पुढच्या धक्क्यात बसली, तर ती कुठे आणि किती उंच होती याची नोंद आता निदान आहे.

नकाशा सगळ्यांना दाखवायचा का?

यावर पुरातत्त्वज्ञांत मतभेद आहेत, आणि दोन्ही बाजूंकडे वजन आहे. मेक्सिकोत १९७२ च्या कायद्याने अशी सगळी स्थळं आणि वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत. पण प्रत्येक चौथऱ्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले की चोरांना थडगी शोधत फिरावं लागत नाही. राखणदार मात्र वाढत नाहीत. म्हणून बरेच संशोधक चित्र छापतात, पण बारीक मोजमापं आणि नेमकी ठिकाणं मागे ठेवतात.

दुसरी बाजू अशी: २०२४ मध्ये मेक्सिकोच्याच कांपेचे राज्यात माया लोकांची साडेसहा हजारांहून जास्त बांधकामं उजेडात आली. त्यासाठी कुणी विमान उडवलं नव्हतं. जंगलात किती कार्बन साठला आहे हे मोजायला २०१३ मध्ये घेतलेला लायडार इंटरनेटवर उघडा पडला होता, आणि एका संशोधकाने तो पुरातत्त्वाच्या नजरेने पाहिला. माहिती कुलूपबंद असती तर ती बांधकामं अजून यादीत नसती. गिएनगोलाच्या बाबतीत तिसरा पक्षही आहे, तेवांतेपेकचे झापोटेक. पायवाट त्यांची, आठवणी त्यांच्या. वर काय उघडं करायचं आणि काय झाडीत राहू द्यायचं, हे ठरवताना त्यांना शेवटी विचारून चालणार नाही, आधी विचारावं लागेल.